मगनवाडीचा घाणा, डालडाचा डबा आणि हृदयाच्या कॅप्सूल : आहारशास्त्रावर शंका कशी घ्यावी?

१/ आष्टीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते १६ ऑगस्ट १९४२ च्या नागपंचमीमुळे. परंतु याच वर्धा जिल्ह्यात त्यापूर्वी जवळपास आठ वर्षे आणखी एक लढा सुरू झाला होता. त्यात पोलीस ठाणे नव्हते, गोळीबार नव्हता. प्रश्न होता तो रोजच्या जेवणाचा. तांदूळ कोणता खावा, पीठ कुठे दळावे, तेल कुठून आणावे, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा. आजचा धागा त्या लढ्याविषयी आणि त्याच्या आजच्या वारसदारांविषयी.

२/ हा विषय आज घेण्याचे कारण सरळ आहे. हृदयविकाराच्या भीतीवर सध्या दोन प्रकारची दुकाने चालतात. एक म्हणते, ‘विज्ञानाने सिद्ध झाले आहे, ही कॅप्सूल घ्या.’ दुसरे म्हणते, ‘विज्ञान रोज मत बदलते, गोळ्या सोडा आणि आमचे तेल घ्या.’ पहिल्याने फार तर पैसे जातात. दुसऱ्याच्या नादाने रक्तदाबाची चालू गोळी बंद करणारा माणूस जिवाला मुकू शकतो. माझे मत असे की या दोन्ही दुकानांना उत्तर इतिहासात सापडते, आणि ते बरेचसे आपल्याच जिल्ह्यात सापडते.

३/ डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघाला दिली; मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा या अर्थशास्त्रज्ञाकडे होते. सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम येथेच होता. मगनवाडीच्या स्वयंपाकघरात कडुलिंबाच्या पाल्यापासून सोयाबीनपर्यंत अनेक पदार्थांचे प्रयोग झाले, आणि त्यांचे वृत्तांत ‘हरिजन’मध्ये छापून आले. विदर्भाच्या शिवारात सोयाबीन पसरण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

४/ संघाचा कार्यक्रम चार शब्दांत सांगता येईल : हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, गूळ आणि घाण्याचे तेल. या कार्यक्रमामागे दोन वेगळे युक्तिवाद होते. पहिला रोजगाराचा : गिरणी आली की कांडणारी बाई आणि घाणा चालवणारा तेली दोघेही बेकार होतात. दुसरा पोषणाचा : गिरणीतून निघालेले अन्न निकस असते. दुसऱ्या युक्तिवादासाठी गांधीजींनी डॉक्टरांची आणि रसायनतज्ज्ञांची मते मागवली व ती प्रसिद्ध केली. हे दोन युक्तिवाद पुढे एकमेकांत इतके मिसळले की कोणता कुठे संपतो हेच दिसेनासे झाले.

५/ तांदळाच्या बाबतीत पोषणाचा युक्तिवाद भक्कम होता. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरने पाहिले की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि कोंड्यासह तांदूळ दिला की पुन्हा उभ्या राहतात. बेरीबेरी या रोगाचे कारण कोंड्यातून निघून जाणारे जीवनसत्त्व आहे, हे यातून पुढे उलगडले. १९२९ चे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले. भारतात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅककॅरिसन आणि नंतर आयक्रॉइड यांनी आहारातील उणिवांवर महत्त्वाचे काम केले.

६/ हा पुरावा भक्कम का होता, ते नीट पाहिले पाहिजे. रोग एका घटकाच्या अभावाने होत होता. तो घटक काढला की काही आठवड्यांत रोग, परत दिला की आराम. परिणाम इतका मोठा की तो पाहण्यासाठी गणिताची गरज नाही. जीवनसत्त्वांच्या या विजयांमुळे जगभर एक समजूत रुजली : प्रत्येक रोगामागे कशाची तरी कमतरता असते, आणि ती भरून काढणारी गोळी असते. आजचा पूरक आहाराचा सारा बाजार या समजुतीवर उभा आहे. हृदयविकार मात्र त्या जातीचा रोग नाही. तो तीस-चाळीस वर्षे हळूहळू घडतो आणि त्याला एक कारण नसते.

७/ आता तेलाकडे येऊ. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत घाण्यात सुधारणा केल्या. कमी श्रमात जास्त तेल देणारा हा घाणा पुढे वर्ध्याच्या नावाने ओळखला गेला. हे खरे तांत्रिक कर्तृत्व होते. ताजे, डोळ्यांसमोर गाळलेले तेल भेसळीपासून सुरक्षित असते, हेही खरे. परंतु घाण्याच्या तेलाने अमुक रोग टळतो, असा तांदळासारखा पुरावा तेव्हा नव्हता. तेल्याच्या पोटाचा प्रश्न स्वतःच्या बळावर उभा राहण्याइतका मोठा होता. त्याला पोषणशास्त्राची कुबडी देण्याची गरज नव्हती. आज ‘लाकडी घाणा’ अशी पाटी लावून हृदयरोग बरा करण्याचे वचन देणारे दुकान त्याच कुबडीवर चालते.

८/ १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आले. वनस्पती तेलात उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की पातळ तेल घट्ट होते, टिकते, आणि दिसायला तुपासारखे होते. तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. लग्नाच्या पंगतीत, मिठाईच्या दुकानात, आणि मग घरोघरी ते पोहोचले. तुपाच्या नावाखाली वनस्पती खपवणे हा मोठा उद्योग झाला. पिवळ्या डब्यावरचे ताडाचे झाड एका संपूर्ण पिढीला ओळखीचे होते. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावली जाई.

९/ विरोधही तितकाच जोरदार झाला. १९४६ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीवर कठोर टीका केली. त्यांचा मुख्य आक्षेप फसवणुकीवर होता : जे तूप नाही ते तूप म्हणून विकले जाते. गोपालनाचे पुरस्कर्ते त्यांच्यासोबत होते. वनस्पती खाऊ घातलेल्या उंदरांची पुढची पिढी आंधळी होते, असा दावाही प्रचारात फिरत होता. १९५० च्या सुमारास पंडित ठाकूरदास भार्गव यांनी वनस्पतीचे उत्पादन व विक्री बंद करण्याचे विधेयक संसदेत आणले. ते संमत झाले नाही.

१०/ सरकारने हा प्रश्न शास्त्रज्ञांकडे सोपवला होता. निरनिराळ्या प्रयोगशाळांत प्राण्यांवर आणि काही माणसांवर आहाराचे प्रयोग झाले. निष्कर्ष असा की, ठरावीक मर्यादेत वितळणाऱ्या वनस्पतीपासून शेंगदाण्याच्या साध्या तेलाच्या तुलनेत कोणतीही हानी आढळली नाही. त्यामुळे बंदीऐवजी नियम आले. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले, कारण तिळाचे तेल रासायनिक चाचणीत चटकन ओळखू येते आणि तुपातली भेसळ पकडता येते. पुढे जीवनसत्त्व ‘अ’ मिसळण्याचाही नियम झाला. वाद मिटला, असे सर्वांना वाटले.

११/ वाद मिटला नव्हता. १९५७ मध्ये अमेरिकेत कुमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हायड्रोजन प्रक्रियेत तयार होणारी विशिष्ट मेदाम्ले, म्हणजे आजच्या भाषेत ट्रान्स फॅट, माणसाच्या शरीरात साठतात. पण निर्णायक प्रयोगाला १९९० उजाडले. नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि कॅटन यांनी ५९ निरोगी माणसांना तीन प्रकारचे आहार आळीपाळीने तीन-तीन आठवडे दिले. ट्रान्स फॅटच्या आहारात घातक कोलेस्टेरॉल वाढले आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटले. संपृक्त चरबीने पहिले वाढते, पण दुसरे असे घटत नाही. ट्रान्स फॅट दोन्ही बाजूंनी मारत होते.

१२/ नंतर मोठ्या लोकसमूहांचा पाठपुरावा करणारे अभ्यासही त्याच दिशेला गेले. डेन्मार्कने २००३ मध्ये २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने प्रथम १० टक्के, नंतर ५ टक्के, जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी मर्यादा आणली. १९३७ ते २०२२. डालडाचा पहिला डबा आणि ही मर्यादा यांच्यामध्ये ८५ वर्षे गेली. या काळात किती हृदये बंद पडली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

१३/ मग बरोबर कोण ठरले? विरोधकांचा निष्कर्ष बरोबर होता, कारण मात्र चुकीचे होते. आंधळ्या उंदरांचा ट्रान्स फॅटशी काही संबंध नव्हता. शास्त्रज्ञांची पद्धत प्रामाणिक होती, पण त्यांनी मोजले ते वजन, वाढ, पचन. चाळीस वर्षांनी रोहिणीत काय होईल हे त्यांच्या प्रयोगात दिसणे शक्यच नव्हते. ‘हानी आढळली नाही’ आणि ‘हानी नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. सरकारने, कारखानदारांनी आणि वृत्तपत्रांनी पहिले वाक्य वाचून दुसरे ऐकले.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा भेद नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला घेतली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता : बखर आणि समकालीन पत्र यांना एका तराजूत घालू नका. बखर घटनेनंतर कित्येक वर्षांनी, कोणाच्या तरी आज्ञेवरून, आठवणीने लिहिली जाते. पत्र त्या दिवशीचे असते. बखर टाकाऊ नसते. पण तिच्यावर किती भार द्यायचा हे ठरलेले असते. आहारसंशोधनालाही हाच नियम लावावा लागतो.

१५/ ‘गेल्या वर्षी आठवड्यातून किती वेळा तळलेले खाल्ले?’ असे विचारून भरलेली प्रश्नावली ही बखर आहे. आठवण दगा देते, लाज वाटते तिथे आकडा बदलतो. शिवाय बदाम खाणारा माणूस बहुधा पैसेवाला, शिकलेला आणि नियमित तपासणी करणारा असतो. त्याचे आयुष्य बदामाने वाढले की पगाराने, हे सांगता येत नाही. याउलट चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य दिले, आणि वर्षानुवर्षे मृत्यू मोजले, तर ते समकालीन पत्राच्या जवळ जाते. तेही खोटे असू शकते, पण खोटे पकडणे सोपे असते.

१६/ एक मुंबईचे उदाहरण घेऊ. १९६७ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एस. एल. मल्होत्रा यांनी भारतीय रेल्वेच्या दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांमधील हृदयविकाराच्या मृत्यूंचा अभ्यास मांडला. ते पश्चिम रेल्वेत वैद्यकीय अधिकारी होते. दक्षिणेतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू उत्तरेपेक्षा सुमारे सात पट आढळले. आणि चरबी मात्र उत्तरेतले लोक कितीतरी पट अधिक खात होते, तीही मुख्यतः दूधतुपाची. चरबीलाच दोषी धरणाऱ्या त्या काळच्या सिद्धांताला हा भारतीय आकडा सरळ छेद देत होता.

१७/ आज तुपाचे समर्थक हा अभ्यास हिरिरीने पुढे करतात. पण तो काय आहे हे विसरू नये. त्यात कोणाच्याही ताटात काही बदलले गेले नाही. दोन प्रदेशांची तुलना झाली. दोन प्रदेशांत तुपाखेरीज शेकडो गोष्टी वेगळ्या असतात : तंबाखू, काम, धान्य, तेल, निदान करणारा डॉक्टर. स्वतः मल्होत्रांनीही साऱ्याचे श्रेय तुपाला दिले नाही. दुधाच्या आंबवलेल्या पदार्थांचा आणि चावून खाण्याचा त्यांनी विचार केला. हा अभ्यास ‘चरबीचा सिद्धांत अपुरा आहे’ एवढे सांगतो. ‘तूप औषध आहे’ असे तो सांगत नाही.

१८/ आता आपल्या करडईची गोष्ट. करडई हे महाराष्ट्राचे जुने पीक, आणि तिच्या तेलाचे नाते हृदयाशी जाहिरातींनी घट्ट जोडले. ऑस्ट्रेलियात १९६६ ते १९७३ या काळात सिडनी येथे ४५८ पुरुषांवर चाचणी झाली. हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेले हे लोक. एका गटाला संपृक्त चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्यापासून केलेले मार्गारिन देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरले. पण २०१३ मध्ये जुनी माहिती शोधून पुन्हा हिशेब केला, तेव्हा करडईच्या गटात मृत्यू १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के निघाले.

१९/ याचा अर्थ करडईचे तेल विष आहे, असा काढणे ही पुन्हा तीच घाई होईल. चाचणी लहान होती. मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शंका तज्ज्ञांनी घेतली आहे. आणि इतर काही चाचण्यांत संपृक्त चरबीच्या जागी वनस्पती तेल दिल्याने फायदाही दिसला आहे. खरा धडा दोन गोष्टींचा आहे. रक्तातला आकडा सुधारला म्हणून माणूस वाचलाच असे नव्हे. आणि हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचा संपूर्ण हिशेब चाळीस वर्षे बाहेर आला नव्हता. इतिहासकाराला दप्तरात न सापडलेल्या कागदाची जी भीती वाटते, तीच इथे वाटायला हवी.

२०/ काही वेळा कागद लपत नाही, लिहवून घेतला जातो. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचा ठपका चरबीवर ठेवून साखरेला हलके सोडण्यात आले होते. २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून उघड झाले की त्यासाठी अमेरिकी साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते, आणि आढाव्यात त्याचा उल्लेख नव्हता. ही शंका कोण्या समाजमाध्यमी वैद्याने सिद्ध केली नाही. अभिलेखागारात बसून पत्रे वाचणाऱ्यांनी ती सिद्ध केली.

२१/ आता जवसाकडे वळू, कारण कॅप्सूलच्या बाजारात सध्या विदर्भाचे सर्वांत मोठे प्रतिनिधित्व तिचेच. नागपूर-वर्धा पट्ट्यात जवस पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाई. तिचे तेल खाण्यात होते, चटणी रोजची होती. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली आणि जवस मुंबई बंदरातून युरोपला जाऊ लागली. तिथे ती कोणी खाण्यासाठी घेत नव्हते. तिचे तेल रंग, वार्निश आणि लिनोलियम नावाची जमिनीवर अंथरायची चादर करण्यासाठी लागे.

२२/ कारण जवसाचे तेल हवेत वाळते. त्यातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ कुळातील मेदाम्लाचा असतो. हे आम्ल प्राणवायूशी झपाट्याने संयोग पावते. म्हणून रंग सुकतो, आणि म्हणूनच तेलाला लवकर खवट वास येतो. ज्या गुणामुळे लंडनची दारे रंगली, त्याच गुणामुळे आज कॅप्सूल विकली जाते, आणि त्याच गुणामुळे ती उन्हात ठेवलेल्या बाटलीत बिघडते. आपल्या आज्या जवस थोडी थोडी भाजून, कुटून, चार-आठ दिवसांत संपवत. त्यामागे रसायनशास्त्र नसेल, नाक नक्की होते.

२३/ ओमेगा-३ चे माहात्म्य सुरू झाले ते ग्रीनलँडमधून. १९७० च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि माशांच्या तेलाने हृदय सुरक्षित राहते, असा सिद्धांत मांडला. २०१४ मधील एका आढाव्याने दाखवून दिले की त्या लोकांत हृदयविकार खरोखर किती आहे, हे या दोघांनी स्वतः तपासलेच नव्हते. तो कमी आहे हे गृहीत धरले होते. बखरीतला प्रसंग पुढच्या दहा बखरींत उतरावा, तसा हा सिद्धांत हजारो लेखांत उतरला.

२४/ मग समकालीन पत्रे आली. १९९९ च्या इटलीतील मोठ्या चाचणीत फायदा दिसला. पण पुढे २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये झटका येऊन गेलेल्या ४,८३७ जणांना माशांतील ओमेगा-३ किंवा जवसातील आम्ल मार्गारिनमधून दिले. झटक्यांत लक्षणीय घट झाली नाही. २०१८ मध्ये १५,४८० मधुमेहींवरील आणि २५,८७१ निरोगी लोकांवरील चाचण्यांतही मुख्य कसोटीवर फायदा सिद्ध झाला नाही. मोठ्या मात्रेतील एका शुद्ध औषधाने २०१८ मध्ये फायदा दाखवला, तशाच दुसऱ्या औषधाने २०२० मध्ये दाखवला नाही. आणि मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो असे आढळले. दुकानातली कॅप्सूल या वादाच्या जवळपासही नाही.

२५/ पुढच्या वेळी अशी डबी हातात आली की मागची बारीक अक्षरे वाचा. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य पूरक आहाराच्या वेष्टनावर छापणे भारतात बंधनकारक आहे. म्हणजे डबीच्या पुढच्या बाजूला लाल हृदयाचे चित्र, आणि मागच्या बाजूला ती औषध नसल्याची कबुली. त्याचप्रमाणे तेलाच्या पुड्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलेले असते. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. कोणत्याही वनस्पती तेलात ते नसल्यातच जमा. हे वाक्य खोटे नाही, फक्त त्यात काही सांगितलेले नाही.

२६/ इथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग डॉक्टरांच्या गोळ्यांवर तरी विश्वास का ठेवायचा?’ या प्रश्नासाठीच हा सारा प्रपंच. शंका सर्वांवर सारखी घ्यायची नसते; पुराव्याच्या वजनाने घ्यायची असते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन घेणाऱ्यांत सुमारे ८ टक्के मरण पावले, न घेणाऱ्यांत सुमारे १२ टक्के. इथे रक्तातला आकडा नव्हे, प्रेते मोजली होती. १९६७ मध्ये तीव्र रक्तदाब असलेल्या १४३ अमेरिकी माजी सैनिकांवरील चाचणीत औषधाचा फायदा इतका ठळक दिसला की पुढे असा रक्तदाब विनाऔषध ठेवणे अनैतिक ठरले.

२७/ आणि खर्रा. विदर्भात हृदयावर बोलताना याचा उल्लेख टाळणे म्हणजे घर जळत असताना अंगणातल्या रांगोळीची चर्चा करणे. ५२ देशांतील रुग्णांवर झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. हाही चाचणीचा पुरावा नाही, हे मान्य. पण तंबाखूविरुद्धची साक्ष दशकानुदशके, देशोदेशी, एकाच बाजूची आहे. दिवसाला चार खर्रे खाऊन रात्री जवसाची कॅप्सूल घेणारा माणूस शंकेखोर नाही आणि विज्ञाननिष्ठही नाही. तो गिऱ्हाईक आहे, दोन्ही दुकानांचा.

२८/ ‘आमचे आजोबा तूप खाऊन नव्वद वर्षे जगले’ हा युक्तिवादही तपासू. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा, म्हणून सगळेच तिशीत मरत असे समजू नये. पण जे आजोबा नव्वदीला पोहोचले तेच आपल्याला आठवतात. जे पटकी, हिवताप, क्षय यांत गेले त्यांच्या ताटात काय होते हे विचारायला कोणी उरले नाही. शिवाय ते आजोबा दिवसभर नांगर धरत. त्यांचे तूप घ्यायचे आणि नांगर सोडायचा, ही तुलना त्यांना न्याय देणारी नाही.

२९/ म्हणून कोणताही आहारविषयक दावा आला की चार प्रश्न पुरतात. मोजले काय : रक्तातला आकडा की माणसाचे जगणे? तुलना कोणाशी : चिठ्ठ्या टाकलेल्या गटाशी की शेजारच्या प्रांताशी? किती काळ? आणि या उत्तरातून कोणाचा धंदा वाढतो? चौथा प्रश्न कारखान्याला विचारावा, तसाच घाण्यालाही विचारावा. गिरणीचे तेल विकणारा स्वार्थी आणि घाण्याचे विकणारा निःस्वार्थी, असे नसते. दोघांच्याही मागे संसार आहे.

३०/ मगनवाडीने आपल्याला एक चांगली सवय दिली : ताटातल्या घासाबद्दल प्रश्न विचारण्याची. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ प्रगतीचे चिन्ह मानला जात असताना, ‘यातून काय काढून घेतले?’ असे वर्ध्याने विचारले. ती हिंमत मोलाची होती. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला हवे तेच यावे, हा हट्ट त्या वारशाचा भाग नाही. गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग मोठ्या उत्साहाने सुरू केला, आणि प्रकृती बिघडल्यावर तो थांबवून तसे जाहीरपणे सांगितलेही.

३१/ तेव्हा जवसाची चटणी अवश्य खा. ती रुचकर आहे, स्वस्त आहे आणि आपल्या मातीतली आहे, एवढे कारण पुरेसे आहे. घाण्याचे तेल परवडत असेल तर घ्या. गावातल्या माणसाच्या हाती चार पैसे जातील. पण यांपैकी कशासाठीही डॉक्टरने लिहून दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. शंका आली तर ती गोळीची चिठ्ठी घेऊन डॉक्टरसमोर बसा आणि वरचे चार प्रश्न त्यांनाही विचारा. उत्तर देणे हे त्यांचे काम आहे.

धागा समाप्त. घरात कोणी गोळ्या सोडून कॅप्सूल सुरू केल्या असतील, तर त्यांच्यापर्यंत हा जरूर पोहोचवा.